गाडी सारखी एका बाजूला ओढतेय? भेटा स्टिअरिंगचं कोडं सोडवणाऱ्या डॉक्टर इरॅस्मस डार्विनला

चिखलीला आमच्या घरी एक जुनी हॅचबॅक आहे, बाबा चालवतात. मागच्या वर्षी तिचं व्हील अलाइनमेंट तीन वेळा केलं. प्रत्येक वेळी मशीनच्या स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे, आणि पंधरा दिवसांत गाडी परत डावीकडे! मला मलकापूर स्टेशनवर घ्यायला यायचं म्हणजे बाबांना राजूर घाट उतरावा लागतो. तिथे ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातातून कोणीतरी खेचतंय असं व्हायचं. मी पुण्यात बसून फोनवर ऐकायचो आणि काळजी करायचो.

मग कारण शोधायला बसलो. शोधता शोधता पोचलो थेट अठराव्या शतकातल्या एका इंग्रज डॉक्टरपर्यंत. त्यांचं नाव इरॅस्मस डार्विन. हो, उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. आज त्यांचीच गोष्ट. शेवटी आमच्या गाडीचं काय झालं तेही सांगतो.

रस्त्यावर राहणारा डॉक्टर

इरॅस्मस यांचा जन्म १२ डिसेंबर १७३१ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमधल्या एल्स्टन गावचा. केंब्रिज आणि एडिंबरा इथे शिक्षण झालं. नॉटिंगहॅमला दवाखाना टाकला, पण पेशंटच येईनात. म्हणून १७५६ मध्ये ते लिचफील्ड गावात आले. तिथे बाकी डॉक्टरांनी आशा सोडलेला एक तरुण त्यांच्या उपचाराने बरा झाला आणि नाव झालं.

तेव्हा पेशंट डॉक्टरकडे कमी यायचा, डॉक्टरच पेशंटच्या घरी जायचा. डार्विन यांचा घोडागाडीने वर्षाला सुमारे १०,००० मैलांचा, म्हणजे १६,००० किलोमीटरचा प्रवास व्हायचा. आज कारने एवढं फिरणारा माणूसही वैतागतो. इथे तर मातीचे, चिखलाचे, खड्ड्यांचे रस्ते. माणूस अंगाने चांगलाच जाड, बोलताना अडखळणारा, पण डोकं सतत चालू. त्यांच्या एकट्यापुरत्या गाडीत पुस्तकांची चळत, लिहायचं सामान आणि खायची टोपली असायची. म्हणजे फिरतं वर्क फ्रॉम होमच म्हणा! आणि रस्ता अगदीच संपला तर पुढे जायला मागे खोगीर चढवलेला एक घोडा चालत यायचा.

जुन्या गाडीत बग कुठे होता?

त्या काळच्या चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस म्हणजे एक सरळ दांडा. तो मधोमध एकाच खिळ्यावर फिरायचा. वळताना अख्खा आस दोन्ही चाकांसकट तिरका व्हायचा. याचे दोन तोटे.

पहिला, आस तिरका झाला की गाडीचा खालचा आधार अरुंद होतो. चार पायांचं टेबल अचानक तीन पायांचं झाल्यासारखं. जोरात वळलात की गाडी उलटली. दुसरा, एक चाक दगडावर आपटलं की तो दणका लांब दांड्यावरून पूर्ण आस फिरवतो आणि गाडी भलतीकडे जाते.

वर्षाला १६,००० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला याचा रोजचाच ताप. लोक काय करायचे? गाडी हळू हाका, चांगला गाडीवान ठेवा, उलटली तर उचला. डार्विन यांनी प्रश्नच बदलला. गाडी का उलटते हे विचारलं, तर उत्तर गाडीवानात नाही, आसात आहे.

साधारण १७५९ च्या सुमारास त्यांनी वेगळी रचना काढली. आस जागच्या जागी पक्का ठेवायचा. दोन्ही पुढच्या चाकांना दोन टोकांना आपापला छोटा खिळा द्यायचा आणि चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडायची. आता वळताना फक्त चाकं वळतात, गाडीचा आधार रुंदच राहतो.

यातली भूमिती समजून घ्यायला खळ्यावरची मळणी आठवा. पाहिली नसेल तर आजोबांना विचारा. मध्ये तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात. तिवड्याजवळचा बैल छोट्या वर्तुळात फिरतो, कडेचा मोठ्या. कारचंही तसंच. वळताना आतल्या चाकाचं वर्तुळ लहान, म्हणून ते जास्त वळलं पाहिजे. बाहेरचं थोडं कमी. दोघांचा तिवडा मात्र एकच, आणि तो मागच्या आसाच्या रेषेत कुठेतरी. हे जमलं नाही तर एक टायर रस्त्यावर घासत जातो.

स्वतःच्या गाडीवर ही रचना बसवून ते तिच्यातून हजारो मैल फिरले. या गाडीची बातमी ऐकून रिचर्ड एजवर्थ नावाचा गाड्यांच्या नादाचा तरुण १७६६ मध्ये लिचफील्डला त्यांना भेटायला आला आणि आयुष्यभराचा मित्र झाला.

पेटंट घेतलंच नाही

डॉक्टर असून सुताराची, लोहाराची कामं करतो असं पेशंटना वाटलं तर प्रॅक्टिस बसेल, ही त्यांना भीती. म्हणून त्यांनी आपले शोध स्वतःच्या नावाने बाजारात आणायचं टाळलं. आडवी पवनचक्की, बोलणारं यंत्र, कॉपी काढायचं यंत्र, कालव्यातली बोट उचलायची लिफ्ट... यातलं पुष्कळसं मित्रांमध्ये आणि वहीतल्या चित्रांमध्येच राहिलं.

मित्रही साधे नव्हते. जेम्स वॉट, मॅथ्यू बोल्टन, जोसाया वेजवूड, जोसेफ प्रीस्टली. या मंडळींच्या गटाचं नाव लूनर सोसायटी. (आपल्या लोणारशी संबंध नाही, बुलढाणेकरांनो!) पौर्णिमेच्या आसपास जमायचं, म्हणजे रात्री घरी जाताना चांदण्यात रस्ता दिसतो, म्हणून हे नाव.

रस्त्याने मात्र त्यांना सोडलं नाही. १७६८ मध्ये गाडीतून फेकले जाऊन त्यांची गुडघ्याची वाटी फुटली. पुढची ३० पेक्षा जास्त वर्षं ते लंगडत चालले, तरी पेशंटकडे जाणं थांबवलं नाही. राजा तिसरा जॉर्ज याने राजवैद्य व्हायला बोलावलं, तेही नाकारलं.

१७९४ ते १७९६ मध्ये त्यांचा ‘झूनोमिया’ हा मोठा वैद्यकीय ग्रंथ आला. त्यात त्यांनी रोगांची मांडणी वरवरच्या लक्षणांवरून न करता, मुळाशी असलेल्या कारणावरून करायचा प्रयत्न केला. त्यातलं बरंच आज टिकलेलं नाही, पण पद्धत बघा. घोडागाडी असो की पेशंट, हा माणूस एकच काम करत होता: लक्षण बाजूला ठेवून कारण शोधणं. १८ एप्रिल १८०२ ला डर्बीजवळ ब्रेडसॉल इथे ते गेले. चार्ल्सचा जन्म त्यानंतर सात वर्षांनी, १८०९ मध्ये.

मग नाव दुसऱ्याचं कसं?

म्युनिकचा गाडी बनवणारा गेओर्ग लांकेन्स्पेर्गर याने अशीच रचना पुन्हा शोधली. त्याच्या वतीने लंडनमधला प्रकाशक रुडॉल्फ अॅकरमन याने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. म्हणून आजही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात तिला अॅकरमन स्टिअरिंग म्हणतात. पुढे कार्ल बेंझच्या १८८६ च्या पहिल्या कारला तीनच चाकं होती, कारण चारचाकीच्या वळण्याचा प्रश्न त्याला नीट सुटलेला नव्हता. तो त्याने १८९३ मध्ये सोडवला. म्हणजे एका डॉक्टरने जवळपास १३० वर्षं आधी सोडवलेलं कोडं जगाने परत परत सोडवलं. सोल्युशन डॉक्युमेंट केलं नाही की काय होतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता आपली गाडी

डार्विन यांनी अख्खा आस फिरवण्याऐवजी दोन चाकांना दोन खिळे आणि मध्ये जोडदांडे दिले. गाडी स्थिर झाली, पण सांधे वाढले. तुमच्या कारमध्ये आज तेच सांधे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश या नावाने आहेत. अलाइनमेंटवाला फक्त कोन जुळवतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर पुढच्या चाकांचा टो एवढाच जुळवता येतो. सांधाच ढिला असेल तर जुळवलेला कोन पुढच्या खड्ड्यात जातो. आणि आपल्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे लाटा आणि खड्डे भरपूर.

म्हणून तिसऱ्यांदा पैसे देण्याआधी या क्रमाने बघा:

- दोन्ही बाजूंच्या टायरमधली हवा सारखी आहे का? रस्त्याला डावीकडे थोडा उतार असतो, त्यामुळे अगदी किंचित ओढ चालते.
- पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा (टायरवर फिरण्याची दिशा छापलेली नसेल तरच). ओढ बाजू बदलते? मग दोष टायरचा.
- फिरून आल्यावर एकच चाक जास्त तापतं? तिकडचा ब्रेक धरतोय.
- मेकॅनिककडून गाडी जॅक-स्टँडवर घेऊन चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवायला सांगा. खडखड झाली तर टाय रॉडवर संशय. १२ आणि ६ ला झाली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग.
- अलाइनमेंटचे आधीचे-नंतरचे प्रिंटआऊट जपून ठेवा. दर वेळी त्याच चाकाचा तोच कोन बिघडत असेल तर दोष त्याच कोपऱ्यात आहे. हे गाडीचे लॉग आहेत, फेकू नका.

आमच्या तीनही प्रिंटआऊटवर डावं पुढचं चाक बिघडलेलं दिसलं. चौथ्या वेळी मशीनवर न नेता मेकॅनिककडे नेली. त्याने पहार लावून लोअर आर्म हलवला, तर बुश फाटलेला. ब्रेक दाबला की चाक मागे सरकायचं, म्हणून घाटात ओढ. बुश बदलला, मग एकदाच अलाइनमेंट केलं. तेव्हापासून गाडी सरळ आहे.

गेल्या महिन्यात मलकापूरला उतरलो, बाबा घ्यायला आले होते. घाट चढताना मी मुद्दाम त्यांच्या हातांकडे बघत होतो. एक हात स्टिअरिंगवर हलका ठेवलेला, दुसऱ्याने मला रस्त्याकडेची शेतं दाखवत होते.