कै. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचे अखेरचे सत्र

सातारा हे नाव निघाले की परांडे तालुक्यातील मनुष्यास प्रथम सज्जनगड आठवतो. समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ आपल्या डोमगावी असल्याने ते स्वाभाविकच होय. त्याच साताऱ्यात १६ मार्च १९०१ रोजी प्रल्हादरावांचा जन्म झाला. घराणे मूळचे गजेंद्रगडचे. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे विद्वान. ज्येष्ठ बंधू अश्वत्थामाचार्य मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवीत. धारवाड आणि पुणे येथे शिक्षण पुरे करून प्रल्हादराव १९२६ साली मुंबईस वकिली करू लागले. दत्तकमीमांसेची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. १९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले व जानेवारी १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपल्याकडील अपिले हैदराबादेऐवजी मुंबईस जाऊ लागली. तेथील न्यायासनावर त्यांना पाहण्याचा योग आपल्या भागास लाभला नाही, तो अवघ्या काही महिन्यांनी हुकला.

१ फेब्रुवारी १९६४ रोजी ते सरन्यायाधीश झाले. आपल्या ज्ञातीत या पदाचा उल्लेख अभिमानाने होतो. त्यांची निकालपत्रे मात्र फारशी वाचली जात नाहीत. कारकिर्दीच्या अखेरच्या अडीच महिन्यांतील एक निकालपत्र तर आपण अवश्य वाचावे असे आहे.

खटला अहमदाबादचा, १९४८ मधील. हरिजनांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा १९४७ साली मुंबई इलाख्यात झाला होता. स्वामिनारायण संप्रदायाच्या मंदिरात आपण जाणार असे मूळदास वैश्य या हरिजन कार्यकर्त्याने कळविताच सत्संगी मंडळींनी दावा लावला. आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून निराळा आहे, सबब हा कायदा आम्हांस लागू नाही, असे त्यांचे म्हणणे. खालच्या कोर्टाने १९५१ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. उच्च न्यायालयाने १९५८ साली तो फिरविला. आणि प्रकरण दिल्लीस गेले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना जाऊन तीनच दिवस झाले होते. १४ जानेवारी १९६६, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी, पाच न्यायाधीशांच्या पीठातर्फे प्रल्हादरावांनी निकाल दिला.

हिंदू कोणास म्हणावे, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. एक देव, एक प्रेषित, एक मत अशा चौकटीत हा धर्म बसत नाही, हे त्यांनी विस्ताराने मांडले. लोकमान्यांनी केलेली व्याख्या, म्हणजे वेदांचे प्रामाण्य, साधनांची अनेकता आणि उपास्याचा नियम नसणे, त्यांनी पुरेशी मानली. बुद्ध, महावीर, बसव, नानक, तसेच आपले ज्ञानेश्वर-तुकाराम यांचा त्यांनी उल्लेख केला, आणि सुधारकांच्या या परंपरेतच स्वामिनारायणांना बसविले. अपील फेटाळताना त्यांची लेखणी कठोर झाली. दाव्याच्या मुळाशी अंधश्रद्धा, अज्ञान आणि खुद्द स्वामिनारायणांच्या शिकवणीविषयीचा गैरसमज आहे, असे त्यांनी स्पष्ट नोंदविले.

हे लिहिणारा पुरुष सोवळ्याओवळ्याच्या आणि गोपीचंदनाच्या मुद्रांच्या माध्व परंपरेतील होता, हे विसरता येत नाही. हा निकाल आपल्या प्रत्येक घरास गोड लागेल असे म्हणणे आजही धाडसाचे होईल. परंतु त्यांची तसबीर दिवाणखान्यात लावायची आणि हे निकालपत्र तेवढे दृष्टीआड करायचे, हे प्रस्तुत लेखकास प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

त्यांचे सारेच निर्णय मान्य करावेत असाही आमचा आग्रह नाही. ३ मार्च १९६६ चा नरेश श्रीधर मिरजकर खटल्याचा निकाल घ्या. एका साक्षीदाराची जबानी वर्तमानपत्रांनी छापू नये, असा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने दिला होता. त्याविरुद्ध वार्ताहर सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या न्यायिक हुकुमाने मूलभूत हक्काचा भंग होत नाही, असे बहुमताचे निकालपत्र प्रल्हादरावांनी लिहिले. नऊ न्यायाधीशांत न्या. हिदायतुल्ला यांचे मत भिन्न पडले, आणि आम्हांस तेच अधिक पटते.

त्यानंतर बाराच दिवसांनी, पासष्टावा वाढदिवस एका दिवसावर असता, ते निवृत्त झाले. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि विधी आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९७२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १२ जून १९८१ रोजी ते निवर्तले.