भाड्याच्या घरांतले विद्यापीठ आणि त्याचे तरुण कुलगुरू

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ पालक मुलाचे नाव शाळेत घालण्यापूर्वी आधी इमारत पाहतात. वर्ग किती, मैदान केवढे, सरकारी मान्यता आहे की नाही, याची चौकशी करतात. यात गैर काहीच नाही. पण आज आपणांस अशा एका विद्यापीठाची व त्याच्या कुलगुरूंची हकिगत सांगावयाची आहे, की ज्याच्याजवळ एके काळी यांपैकी एकही गोष्ट नव्हती. ते विद्यापीठ म्हणजे दिल्लीची जामिया मिल्लिया इस्लामिया आणि ते कुलगुरू म्हणजे डॉ. झाकीर हुसेन. राष्ट्रपती म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची बावीस वर्षे कोठे गेली, हे फार थोड्यांना माहीत असते.

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादला वकिली करीत. झाकीर दहा वर्षांचे असताना वडील वारले आणि १९११ साली प्लेगच्या साथीत आईही गेली. पोरक्या झालेल्या या मुलाने इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये शिक्षण पुरे केले व पुढे तो अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाला. विद्यार्थिमित्रांनो, आईबापाचे छत्र हरपले म्हणून शिक्षण सोडावे लागते असे नाही, हे या ठिकाणी ध्यानात घ्या.

१९२० साल उजाडले. असहकार व खिलाफतीच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता. ऑक्टोबरमध्ये महात्मा गांधी व अली बंधू अलीगढला आले आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांचा त्याग करण्याचे आवाहन त्यांनी विद्यार्थ्यांना केले. झाकीर हुसेन त्या वेळी उच्च शिक्षण घेता घेता कॉलेजात शिकवीतही होते. पुढे चांगली नोकरी दिसत होती. ती वाट सोडून ते बाहेर पडणाऱ्यांत सामील झाले. नुसते बाहेर पडून भागणार नाही, शिकण्यासाठी आपली स्वतःची संस्था हवी, हा आग्रह धरणाऱ्यांत ते प्रमुख होते. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामियाची स्थापना झाली. हकीम अजमल खान कुलपती झाले आणि मौलाना मोहम्मद अली जौहर पहिले कुलगुरू.

या विद्यापीठाच्या पदवीला इंग्रज सरकारची मान्यता नव्हती. पालकहो, याचा अर्थ क्षणभर मनात आणून पाहा. ज्या बापाने आपला मुलगा तेथे पाठविला, त्याने मुलाच्या सरकारी नोकरीवर आपण होऊन पाणी सोडले होते!

पुढे झाकीर हुसेन अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी जर्मनीस गेले. बर्लिनला असताना त्यांनी गालिबचा दीवान छापून घेतला आणि त्यासाठी स्वतः खिळे जुळविण्याचेही काम केले. इकडे मात्र जामियाची अवस्था कठीण झाली होती. १९२४ साली तुर्कस्तानात खिलाफतच रद्द झाली, चळवळ ओसरली आणि तिच्याकडून मिळणारा पैसा आटला. संस्था बंद करावी, असे काही मंडळी बोलू लागली. हकीमसाहेब व डॉ. अन्सारी यांनी धीर सोडला नाही. १९२५ साली त्यांनी संस्था दिल्लीस करोल बागेत भाड्याच्या घरांत आणली. झाकीर हुसेन यांनी परदेशातून कळविले, की आम्ही काही मित्र या कामाला आयुष्य द्यावयास तयार आहोत, आम्ही येईपर्यंत संस्था बंद करू नये. १९२६ साली डॉक्टरेट घेऊन ते परतले. सोबत आबिद हुसेन व मोहम्मद मुजीब हे दोन विद्वान मित्र होते. अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी झाकीर हुसेन कुलगुरू झाले.

विद्यापीठ नावाचेच होते. विद्यार्थी थोडे, जागा भाड्याची आणि तिजोरी रिकामी. त्यात १९२७ च्या डिसेंबरात हकीम अजमल खान वारले व मोठा आधार तुटला. तेव्हा शिक्षकांनीच पुढे होऊन १९२८ साली एक मंडळ स्थापन केले. वीस वर्षे जामियाची सेवा करीन आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली. प्रत्यक्षात तेवढेही कित्येकदा हाती पडत नसे. युरोपात शिकलेली ही माणसे अन्यत्र याच्या कितीतरी पट कमावू शकली असती.

तेथील दिनक्रमही आगळा होता. शिक्षण उर्दूतून, म्हणजे मुलांच्या स्वतःच्या भाषेतून चाले. लहान मुले आपले दुकान व आपली बँक स्वतः चालवीत, हिशेब ठेवीत, आणि त्यातूनच गणित व व्यवहार शिकत. ‘पयामे तालीम’ हे मुलांचे मासिक निघे. कुलगुरू स्वतः मुलांसाठी गोष्टी लिहीत. त्यांची ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्ट आजही उर्दू वाचणाऱ्या मुलांना प्रिय आहे. जुने जामियावाले एक आठवण सांगत. मुले मळके जोडे घालून येत, बजावूनही ऐकत नसत. तेव्हा एके दिवशी कुलगुरूच ब्रश व पॉलिश घेऊन दारात बसले. मुले शरमली आणि दुसऱ्या दिवसापासून सर्वांचे जोडे चकचकीत दिसू लागले.

१ मार्च १९३५ रोजी ओखला येथे स्वतःच्या इमारतीची पायाभरणी झाली. हा मान कोणा नबाबाला किंवा पुढाऱ्याला दिला गेला नाही. शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून कोनशिला बसविण्यात आली.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण हा विचार झाकीर हुसेन यांना मान्य होता. पण मुलांच्या कमाईवर शाळा चालविण्याचा फार अट्टाहास धरला तर शिक्षण बाजूला राहील, हा धोका त्यांनी गांधीजींसमोरच स्पष्टपणे मांडला. आणि गांधीजींचा मोठेपणा असा, की नव्या योजनेचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद याच टीकाकाराकडे आले!

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगलींचा वणवा पेटला होता. अशा वेळी नेहरू, आझाद, जिना आणि लियाकत अली यांना एका व्यासपीठावर आणण्याचे काम या लहानशा संस्थेने केले. द्वेषाची आग आधी विझवा, नाहीतर आम्ही शिक्षकांनी माणसे घडवायची तरी कशी, असे आर्जव कुलगुरूंनी त्या साऱ्यांना केले. पुढल्याच वर्षी ती आग जामियापर्यंत येऊन पोचली. करोल बागेतील तिचे ग्रंथभांडार जाळले गेले. खुद्द झाकीर हुसेन जालंधर स्टेशनावर जमावाच्या हाती सापडता सापडता वाचले. त्यांना वाचविणारे होते एक शीख लष्करी अधिकारी व एक हिंदू रेल्वे अधिकारी. या अनुभवानंतरही ते कडवट झाले नाहीत, जामियात परतून पुन्हा कामाला लागले.

१९४८ साली ते अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे बिहारचे राज्यपाल, १९६२ साली उपराष्ट्रपती, १९६३ साली भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्याच आवारात आहे. जामियाला १९६२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९८८ साली संसदेच्या कायद्याने ती केंद्रीय विद्यापीठ झाली. एके काळी जिच्या पदवीला किंमत नव्हती, तिच्या प्रवेशासाठी आज देशभरातून अर्ज येतात.

वाचकहो, जामियाला इमारत मिळाली ती पंधरा वर्षांनी आणि सरकारी मान्यता त्याहून कितीतरी उशिरा. शिक्षक मात्र पहिल्या दिवसापासून होते, आणि त्यांच्यावर भरवसा टाकणारे पालकही होते. तेव्हा मुलाचे नाव घालताना इमारत जरूर पाहा, पण वर्गात जाऊन शिक्षकाला भेटल्याशिवाय परतू नका. आणि विद्यार्थिमित्रांनो, उद्या शिकून मोठे झाल्यावर ज्या शाळेने तुम्हांस घडविले तिला तुमची गरज असेल, तर बर्लिनहून करोल बागेच्या भाड्याच्या घरात परत आलेल्या त्या तीन तरुणांची आठवण ठेवा.