श्री संत तुकाराम महाराज : प्रपंच, व्यापार आणि परमार्थ

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर परिसरात वारकरी संप्रदायाची परंपरा खोलवर रुजलेली आहे. शेजारच्या शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढी वारीसाठी पायी पंढरपुरास जाते. येथे दर्शनास येणाऱ्या भाविकांमध्ये घरीच किराणा दुकान, शिवणकाम, पापड-लोणची अथवा पिठाची गिरणी चालवून संसार करणारे अनेक असतात. घर आणि धंदा एकाच छपराखाली आले की गिऱ्हाईक वेळ पाहत नाही, उधारीची चिंता जेवणाच्या ताटापर्यंत येते आणि गल्ल्यातील पैसा व घरखर्चाचा पैसा यांची सरमिसळ होते. अशा गृहस्थाश्रमी भाविकांना विशेष जवळचे वाटावे असे चरित्र जगद्गुरू श्री संत तुकाराम महाराजांचे आहे. अभंगकार संत म्हणून ते सर्वांना वंदनीय आहेतच. परंतु ते एका व्यापारी घराण्याचे कर्ते पुरुषही होते. त्यांच्या जीवनाच्या या बाजूचा थोडक्यात परिचय येथे दिला आहे.

घराणे व बालपण

पुणे जिल्ह्यात इंद्रायणीच्या तीरावर श्रीक्षेत्र देहू आहे. येथे महाराजांचा जन्म झाला. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी सामान्यतः इ. स. १६०८ हे वर्ष मानले जाते. मोरे घराण्यातील पूर्वज विश्वंभर यांच्यापासून या घरात विठ्ठलभक्ती चालत आली होती. घराण्याकडे गावची महाजनकी होती. शेती, वाणसामानाचा व्यापार आणि सावकारी असा भरला संसार होता. वडील बोल्होबा व आई कनकाई यांना सावजी, तुकाराम व कान्होबा असे तीन पुत्र. थोरल्या सावजींचे मन विरक्त असल्याने व्यवहाराचा भार मधल्या तुकारामांकडे आला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते, असे परंपरा सांगते.

तागडी, वही, गोण्या आणि बैल यांची त्यांना लहानपणापासूनच उत्तम जाण होती. त्यांचा पहिला विवाह रखमाबाईंशी झाला. त्यांना दम्याचा विकार असल्याने पुढे पुण्याच्या गुळवे यांच्या कन्या जिजाबाई यांच्याशी दुसरा विवाह झाला. महाराज सतरा-अठरा वर्षांचे असतानाच आई-वडिलांचे छत्र हरपले, भावजय निवर्तली आणि सावजी तीर्थाटनास निघून गेले. लहान वयातच घर व दुकान ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर आली.

दुष्काळ व दिवाळे

इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. पावसाने दगा दिला आणि त्यातच मोगल फौजांच्या मोहिमांमुळे मुलूख होरपळून निघाला. गुरे मेली, गावे ओस पडली, धान्य मिळेनासे झाले. ज्यांच्याकडे येणे होते तेच अन्नाला मोताद झाले, तेव्हा सावकारी बुडाली. नातलगांनी हात दिला, तरी व्यापार सावरला नाही व महाराजांचे दिवाळे निघाले. याच दुष्काळात रखमाबाई व थोरला मुलगा यांचा अन्नावाचून अंत झाला. धान्य विकणाऱ्याच्याच घरी अन्नावाचून माणसे जावीत, हा आघात त्यांच्या जीवनाला वळण देणारा ठरला.

संतचरित्रकार महिपतींनी अठराव्या शतकात या काळातील प्रसंग लिहून ठेवले आहेत. त्यांतील एका प्रसंगात जिजाबाईंनी स्वतःच्या पतीवर कर्ज काढून महाराजांना पुन्हा व्यापारास लावले. मालाला नफाही झाला. परंतु वाटेत कर्जासाठी गांजलेला एक गृहस्थ भेटला आणि महाराजांनी हाती आलेली रक्कम त्याला देऊन टाकली. महाराजांची करुणा थोर होती. तथापि ते कर्ज जिजाबाईंच्या नावावर होते आणि घरी चूल पेटावयाची होती, हेही तितकेच खरे आहे. कीर्तनांतून जिजाबाईंना कजाग ठरविण्याची प्रथा पडली. वास्तविक दिवाळे निघालेले घर, लहान मुले आणि दारातले याचक हे सर्व त्यांनाच सांभाळावे लागत होते.

इंद्रायणीतील कर्जखते

दुःखाने व्याकुळ होऊन महाराज भामचंद्र डोंगरावर चिंतनास बसले. धाकटे बंधू कान्होबा त्यांचा शोध घेत तेथे पोहोचले. दोघे इंद्रायणीकाठी आले. महाराजांनी घरातील कर्जखते आणविली. लोकांकडे असलेल्या येण्याची ती सर्व कागदपत्रे होती. त्यांनी त्यांचे दोन समान वाटे केले. एक वाटा कान्होबांना दिला आणि आपल्या वाट्याची खते डोहात बुडविली. दुष्काळाने आधीच मोडलेल्या कित्येक कुळांची कर्जे त्या क्षणी फिटली.

हा प्रसंग सांगताना बहुधा बुडविलेल्या खतांचेच वर्णन केले जाते. कान्होबांच्या हाती ठेवलेला अर्धा वाटाही तितकाच बोलका आहे. वैराग्य महाराजांचे होते. ते त्यांनी भावावर लादले नाही. धाकट्या भावाला संसार करावयाचा होता, म्हणून त्याचे येणे त्याच्यापाशी राहिले. वसुलीच्या चिंतेतून स्वतः मोकळे होताना दुसऱ्याच्या हक्काला त्यांनी धक्का लावला नाही.

पुढील जीवन

त्यानंतर महाराजांनी पूर्वजांचे मोडकळीस आलेले विठ्ठल मंदिर स्वतः श्रम करून सावरले. भंडारा डोंगरावर ज्ञानेश्वरी व एकनाथी भागवताचे चिंतन केले. तरीही त्यांनी संन्यास घेतला नाही. शेवटपर्यंत ते देहूतच, मुलाबाळांत राहिले. जिजाबाई जेवण घेऊन डोंगर चढत असत आणि पतीने घास घेतल्याखेरीज स्वतः जेवत नसत, असे सांगितले जाते. महाराजांच्या सहवासातील चाकणचे संताजी जगनाडे हे तेलाचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यातील होते. घाण्याचा व्यवसाय सांभाळूनच त्यांनी महाराजांचे अभंग लिहून ठेवले. त्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे.

इ. स. १६५० मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराजांनी वैकुंठगमन केले. ही तिथी तुकाराम बीज म्हणून पाळली जाते. त्यांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये देहूहून पालखी सोहळा सुरू केला. ज्या घराचा व्यापार दुष्काळात बुडाला, त्याच घरातून निघालेली ही परंपरा आजही अखंड सुरू आहे.

गृहस्थ भाविकांसाठी

घरातून व्यवसाय करणाऱ्याने या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दुकानाची वही व घरखर्चाची वही वेगळी असावी. नामस्मरणाची आणि मुलाबाळांसोबत जेवणाची वेळ गिऱ्हाइकापायी मोडू नये. अडलेल्या कुळाकडून वसुली करताना त्याच्या घरातील चूल आठवावी. दानधर्म करताना भागीदाराचा हिस्सा, घरच्या स्त्रीचा शब्द आणि देणेकऱ्याची रक्कम प्रथम बाजूला काढावी व उरलेल्या आपल्या वाट्यातूनच यथाशक्ती द्यावे. असे दिलेले एक रुपयाचे दानही देवाच्या चरणी पूर्ण पोहोचते, अशी सर्व भाविकांनी श्रद्धा ठेवावी.

॥ राम कृष्ण हरी ॥