डॉ. विल्यम वानलेस

मिरजेच्या डॉ. वानलेस ह्यांचे नाव सातारा-सांगलीकडील वडील मंडळींच्या तोंडी असे. म्हणून त्यांचे चरित्र वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

त्यांचा जन्म १८६५ साली कॅनडा देशात झाला. १८८९ साली न्यूयॉर्क येथे वैद्यकीची पदवी घेऊन त्याच वर्षी ते पत्नी मेरीबाई ह्यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने ह्या देशी आले. प्रथम सांगलीत दवाखाना घातला. पुढे मिरजेस बिऱ्हाड हलविले, आणि १८९४ साली तेथे इस्पितळ उभे राहिले. मोतीबिंदूचे रुग्ण तेथे दुरून दुरून येत.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील स्वच्छ भिंग दुधाळ होणे. त्या काळी गावोगाव हिंडणारे लोक सुईने ते भिंग ढकलून डोळ्यातच आत पाडीत. रुग्णास लागलीच थोडे दिसे. पण तो मनुष्य पैसे घेऊन पुढच्या गावी गेल्यावर पुष्कळदा डोळा पुवाने भरून कायमचा जाई. इस्पितळात मात्र भिंग कापून बाहेर काढीत. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करण्याची रीत १८८४ साली निघाली होती, त्यामुळे रुग्ण जागा असताच काम उरके. नंतर कित्येक दिवस डोळ्यांस पट्टी बांधून, मान न हलविता उताणे पडावे लागे. डोळ्यात कृत्रिम भिंग प्रथम बसविले गेले ते १९४९ साली, इंग्लंडात. तोवर जाड काचेचा चष्मा जन्माचा सोबती.

आता कडेगावचा विचार करा. गावास आगगाडी नाही. बैलगाडीने कुंडल रोड गाठावे, मग मिरज. आंधळ्यासोबत एक धडधाकट माणूस हवा, आणि सुगीत तो कोण देणार? म्हातारपणी डोळे जायचेच, असे म्हणून आजीबाईस ओसरीच्या कोपऱ्यात बसविण्यात येई. हा समज घालविण्यास शस्त्र उपयोगी नव्हते. बरा होऊन घरी परतलेला शेजारीच उपयोगी पडे.

१८९७ साली डॉक्टरांनी मिरजेस वैद्यकीय शाळा काढली, व देशी तरुण तेथे शिकून डॉक्टर होऊ लागले. आमच्या मते त्यांच्या सर्व कामांत हे थोर. एकट्याचे हात किती डोळ्यांस पुरणार?

१९०६ साली मेरीबाई निवर्तल्या, तरी त्यांनी मिरज सोडली नाही. १९२८ साली त्यांस सर हा किताब मिळाला, व त्याच सुमारास ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले. तेथे कॅलिफोर्नियात १९३३ च्या मार्चमध्ये त्यांचे देहावसान झाले. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी त्यांच्याच नावाची.