न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

कृष्णा-वेण्णांच्या संगमावर, साताऱ्याजवळ वसलेल्या माहुलीच्या प्रभुणे घराण्यात रामशास्त्र्यांचा जन्म झाला. लहानपणीच पोरके झालेला हा मुलगा विशीपर्यंत जवळजवळ निरक्षरच राहिला आणि साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे शागिर्दी करू लागला. धन्याच्या पायांवर पाणी घालताना त्याची नजर कानातल्या मोत्यांच्या भिकबाळीवर खिळली, सावकाराने त्यावरून टोचून बोलताच त्याने ती चाकरी सोडून काशीची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. मोत्यांची गोष्ट खरी असो वा नसो, काशी खरी आहे. घरापासून शेकडो कोस दूर, ज्या वयात इतरांचे शिक्षण संपते त्या वयात, पोरांच्या पंक्तीत बसून त्यांनी धुळाक्षरांपासून आरंभ केला आणि बाळंभट्ट पायगुंडे यांच्यासारख्या गुरूपाशी धर्मशास्त्राचे अध्ययन पुरे केले.

१७५१ च्या सुमारास ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून रुजू झाले आणि १७५९ मध्ये बाळकृष्णशास्त्री गाडगीळ यांच्या मागे पुण्याचे न्यायाधीश झाले.

हे पद शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील न्यायाधीशपदाच्या परंपरेतले. परंतु त्या काळचा न्याय राजधानीत नव्हे, गावच्या पारावर सुरू होई. पाटील आधी समेट घडवून पाही. तो न झाल्यास पंचायत बसे. वादी-प्रतिवादी प्रथम राजीनामा लिहून देत. आज नोकरी सोडण्याच्या कागदाला आपण जे नाव देतो, ते तेव्हा पंचांचा निवाडा मानण्याच्या संमतीपत्राचे होते. मग तकरिरी, साक्षी, जुने कागद, क्वचित दिव्यही. जिंकणाऱ्यास जयपत्र मिळे आणि त्याबद्दल तो सरकारात हरकी भरी. हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई. पंचांचा निवाडा मान्य नसलेला माणूस मामलेदाराकडे आणि शेवटी पुण्यास येई. हक्क, वतने, वाटण्या, दत्तक यांचे गुंतलेले तंटे असे रामशास्त्र्यांपुढे येत.

थोरल्या माधवरावांनी त्यांना विशेष मानले. तरुण पेशवे जपतपात इतके रमू लागले की कामे खोळंबली. तेव्हा शास्त्रीबोवांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. राज्य करायचे नसेल तर पेशव्यांनीही सोबत यावे, असा त्या मागणीचा रोख होता. माधवरावांनी तो ओळखला आणि ते पुन्हा कारभारास लागले.

खरी कसोटी ३० ऑगस्ट १७७३ नंतर आली. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला आणि गादीवर चुलते रघुनाथराव आले. न्यायाधीशाने चौकशी आरंभली. ज्याच्या हुकमाने आपले पद टिकायचे, त्याच्याच दारापर्यंत तिचा माग जाणार, हे त्यांना उमगले नसेल असे नाही. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला याची कथा लोकांनी पुढे पुष्कळ रंगवली आहे. तिच्यात किती तथ्य, हा वाद आजही मिटलेला नाही. शास्त्र्यांचा निर्णय मात्र स्वच्छ होता. रघुनाथराव दोषी आहेत आणि या पापास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले. हा निकाल अमलात आणील अशी कोणतीही सत्ता त्यांच्या हाती नव्हती. त्यांच्यापाशी केवळ पद होते, तेही त्यांनी त्याच वेळी सोडले आणि वाईजवळच्या एका लहान गावी जाऊन राहिले.

बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले. राहणी तीच राहिली. एका दिवसाला पुरेल त्याहून अधिक शिधा घरात ठेवायचा नाही, हा नियम सर्वश्रुत होता. श्रावणमासाच्या दक्षिणेला एकदा सख्खे बंधू आले, तेव्हा नाना फडणविसांनी जास्त रक्कम सुचवूनही शास्त्र्यांनी त्यांच्या विद्वत्तेस शोभेल तेवढीच देवविली. भावाची गरज भागवणे हे आपल्या खिशाचे काम, सरकारी खजिन्याचे नव्हे, असे त्यांनी मानल्याचे सांगतात.

ऑक्टोबर १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी अय्याशास्त्री आले. पुढे दोनच वर्षांनी त्याच पुण्यात घाशीराम कोतवालाच्या कोठडीत निरपराध ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचून मारले.