मोकामा घाटचे कॉर्बेट साहेब

जिम कॉर्बेट म्हटले की बंदूक आणि नरभक्षक वाघ डोळ्यांसमोर येतात. पण ते मूळचे रेल्वेचे माणूस, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या मंडळात रेल्वेचे सभासद बरेच, म्हणून यंदा त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

२५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे त्यांचा जन्म झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते वारले. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. त्यामुळे शाळा संपताच जिमनी बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरी धरली. इंजिनांना लागणाऱ्या सरपणासाठी जंगलतोड करून घेणे, हे त्यांचे पहिले काम! जंगल म्हणजे काय आणि ते तुटले की काय जाते, हे त्यांनी तेथेच जवळून पाहिले.

पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ते बिहारात मोकामा घाटावर होते. गंगेवर तेथे तेव्हा पूल नव्हता. राजेंद्र सेतू झाला तो १९५९ साली. दक्षिणेला ब्रॉड गेज, उत्तरेला मीटर गेज. एका गेजचा माल उतरवून दुसऱ्या गेजच्या वाघिणींत भरण्याचा ठेका कॉर्बेट यांच्याकडे होता. सारे काम हमालांच्या अंगमेहनतीवर. त्यांच्या मुलांसाठी स्टेशनमास्तरांच्या जोडीने त्यांनी शाळाही काढली.

खऱ्या वाघिणीशी गाठ पडली ती १९०७ साली. चंपावतच्या या वाघिणीच्या नावावर नेपाळ व कुमाऊँ मिळून ४३६ बळी नोंदलेले होते. कॉर्बेट यांनी तिला मारले, तेव्हा तिचे उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले आढळले. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली होती. म्हणजे मूळ दोष शिकाऱ्याचाच! १९२६ साली त्यांनी रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. अशा कामाला निघण्यापूर्वी सरकारने इनाम रद्द करावे, ही त्यांची अट असे.

पुढे त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. जंगल राखण्याविषयी ते शाळांतून व्याख्याने देऊ लागले. १९३६ साली भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान कुमाऊँच्या पायथ्याशी झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४७ साली ते बहिणीसह केनियाला गेले व १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच वारले. नंतर त्या उद्यानाला त्यांचे नाव मिळाले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाचा आरंभही तेथूनच झाला. २००६ च्या गणनेत देशात वाघांचा अंदाज १,४११ होता. २०२२ मध्ये तो ३,६८२ वर गेला.

वाघ सावरला, पण आपले काम संपलेले नाही. तराईत, आसामात, बंगालात आपले रूळ हत्तींच्या जुन्या वाटा ओलांडून जातात आणि हत्ती गाडीखाली येतात. तेथे वेगमर्यादेचा बोर्ड लावणारे, वळणावरची झाडी छाटून दृष्टी मोकळी ठेवणारे आणि तो वेग पाळणारे आपणच आहोत. वेळापत्रकात चार मिनिटे गेली तरी चालतील. ज्या गजमुखाची आपण दहा दिवस आरती करतो, त्याची रुळांवर उरलेले ३५५ दिवसही आठवण ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!