चंद्रसिंह गढवाली : शस्त्र, शपथ आणि विवेक

नागरिकांच्या चळवळीपुढे सैन्य उभे करणे हा ब्रिटिश राजवटीचा हिंदुस्थानातील अखेरचा, परंतु सदैव हाताशी ठेवलेला उपाय होता. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकमावरून १६५० फैरी झाडल्या गेल्या आणि सरकारी गणनेप्रमाणेही ३७९ माणसे मृत्युमुखी पडली. त्या बंदुका धरणारे हात हिंदी सैनिकांचेच होते. राज्यकर्त्यांची सत्ता ज्या आज्ञापालनावर उभी होती, त्याचे ते उघड दर्शन होते. अकरा वर्षांनंतर पेशावर येथे या आज्ञापालनाला तडा गेला आणि त्या घटनेशी एका गढवाली हवालदाराचे नाव कायमचे जोडले गेले. ते हवालदार म्हणजे चंद्रसिंह भंडारी, अर्थात चंद्रसिंह गढवाली.

चंद्रसिंहांचा जन्म २५ डिसेंबर १८९१ रोजी पौडी गढवालच्या डोंगराळ प्रदेशात एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. तेथील तुटपुंज्या शेतीवर कुटुंबाचा निर्वाह कठीण असल्याने पलटणीत भरती होणे हा तरुणांचा रुळलेला मार्ग होता. ब्रिटिशांनीही गढवाली लोकांची गणना लढवय्या जातींत करून त्यांच्यासाठी स्वतंत्र रेजिमेंट उभारली होती. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच चंद्रसिंह लॅन्सडाउन येथे सैन्यात दाखल झाले. पुढील वर्षी ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि त्यानंतर त्यांना मेसोपोटेमियात पाठविण्यात आले. या युद्धात दरवानसिंह नेगी व गबरसिंह नेगी या गढवाली सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि १९२१ मध्ये रेजिमेंटच्या नावामागे ‘रॉयल’ हे बिरुद लागले. मात्र युद्ध संपताच सैन्यकपात सुरू झाली. अनेकांना घरी पाठविण्यात आले, तर अनेकांचे हुद्दे उतरविण्यात आले. हवालदाराचे पुन्हा शिपाई झालेल्यांत चंद्रसिंहही होते. साम्राज्यासाठी सांडलेल्या रक्ताचा हा मोबदला त्यांच्या मनात सलत राहिला. आर्यसमाजाच्या संस्काराने आणि राष्ट्रीय चळवळीच्या वार्तांनी त्या सलीला विचाराचे रूप दिले. पुढे त्यांना हवालदारपद परत मिळाले, परंतु पूर्वीचा निःशंक शिपाई परतला नाही.

१९३० च्या वसंतात मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला, तेव्हा त्यांची पलटण, म्हणजे १८ व्या रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी बटालियन, पेशावरला होती. सरहद्द प्रांतात खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगारांनी पठाणांसारख्या शस्त्रप्रिय समाजाला अहिंसेची दीक्षा दिली होती. बहुसंख्य मुसलमान असलेल्या या निदर्शकांपुढे हिंदू सैनिक उभे करण्यात सरकारचा हिशेब उघड होता. पेशावरात मुसलमान हिंदूंचा छळ करीत आहेत, असे गोऱ्या अधिकाऱ्यांनी पलटणीला समजावून सांगितल्याचे चरित्रकार नोंदवितात. हा झगडा धर्माचा नसून सरकार व जनता यांच्यातील आहे, असे चंद्रसिंहांनी आपल्या सोबत्यांना सांगितल्याचेही त्यांच्याच वृत्तांतांत आहे.

२३ एप्रिल १९३० रोजी नेत्यांच्या अटकेनंतर किस्साखानी बाजारात लोक जमले. चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या आणि त्यानंतर गोळीबार झाला. मृतांची सरकारी संख्या आणि लोकांनी सांगितलेली संख्या यांत फार मोठी तफावत आहे. विठ्ठलभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस चौकशी समितीचा अहवाल सरकारने जप्त केला. लोकस्मृतीप्रमाणे त्याच दिवशी कॅप्टन रिकेटने गोळी झाडण्याचा हुकूम देताच चंद्रसिंहांनी तो मोडून सोबत्यांना बंदुका खाली ठेवावयास लावल्या. सरकारी कागदपत्रांचा भर मात्र दुसऱ्या दिवशी दोन प्लाटूनांनी शहरात जाण्यास दिलेल्या नकारावर आहे. दोन्ही वृत्तांतांतील तपशील भिन्न असले, तरी मुख्य गोष्ट वादातीत आहे : निःशस्त्र नागरिकांवर शस्त्र चालविण्यास गढवाली सैनिकांनी नकार दिला. त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांवर बंदूक रोखली नाही, शस्त्रे सरळ परत केली. २५ एप्रिलपासून ४ मेपर्यंत पेशावर शहरावरील सरकारचा ताबा जवळजवळ सुटला होता. याच मे महिन्यात, महात्मा गांधींच्या अटकेनंतर उसळलेल्या सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. एका शहरात सैन्याचा नकार आणि दुसऱ्या शहरात सैन्याची सत्ता, ही एकाच वसंताची दोन रूपे होती.

लष्करी न्यायालयात बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी या सैनिकांचा बचाव केला. चंद्रसिंहांना जन्मठेप, एका सैनिकाला पंधरा वर्षे आणि इतर पंधरा जणांना तीन ते दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी अशा शिक्षा झाल्या. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने सत्याग्रही सुटले, परंतु गढवाली सैनिक सुटले नाहीत. त्याच वर्षी लंडन येथे एका फ्रेंच पत्रकाराशी बोलताना गांधींनी या बाबतीत आपली भूमिका स्पष्ट केली. सैनिकाने शपथ घेतलेली असते. ती मोडण्यास आज त्याला शिकविले, तर उद्या स्वराज्याच्या सरकारलाही त्याच्या आज्ञापालनाचा भरवसा उरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अहिंसेच्या प्रणेत्याने गोळी न झाडणाऱ्या सैनिकाचे समर्थन करू नये, हे अनेकांना आजही कोड्यासारखे वाटते. परंतु त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न पोकळ नव्हता. सैन्याने हुकूम निवडून पाळावयाचे ठरविले, तर ज्या विवेकाने बंदूक खाली ठेवली जाते, त्याच स्वातंत्र्याने ती उद्या लोकांवर रोखलीही जाऊ शकते. उलट, शपथेलाच अंतिम मानले, तर जालियनवाला बागेतील सैनिकही निर्दोष ठरतात. चंद्रसिंहांचे जीवन या दोन टोकांच्या मध्ये उभे आहे.

निरनिराळ्या तुरुंगांत अकरा वर्षे काढून ते १९४१ मध्ये सुटले. गांधींची भूमिका ठाऊक असतानाही ते काही काळ त्यांच्या आश्रमात राहिले, हे त्यांच्या मनाच्या मोठेपणाचे गमक होय. १९४२ च्या आंदोलनात त्यांना पुन्हा कारावास घडला. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. जानेवारी १९४८ मध्ये टिहरी संस्थानातील आंदोलनात नागेंद्र सकलानी व मोलू भरदारी गोळीला बळी पडल्यावर त्यांच्या अंत्ययात्रेसह टिहरीकडे निघालेल्या जनसमुदायाचे नेतृत्व चंद्रसिंहांनी केले. एकेकाळी निदर्शकांसमोर बंदूक घेऊन उभा केलेला सैनिक आता निदर्शकांच्या अग्रभागी होता. स्वतंत्र भारतातही त्यांच्या वाट्याला तुरुंगवास आला.

राहुल सांकृत्यायन यांनी १९५० च्या दशकात त्यांचे हिंदी चरित्र लिहिले, त्यामुळे सरकारी दप्तरात केवळ आरोपी म्हणून उरलेल्या या माणसाला साहित्यात स्थान मिळाले. सामान्य शिपायाचे विचारपूर्ण चरित्र आपल्या भाषांत विरळाच आढळते. या दृष्टीने त्या ग्रंथाचे मोल विशेष आहे.

१ ऑक्टोबर १९७९ रोजी दिल्ली येथे चंद्रसिंहांचे निधन झाले. १९९४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. राज्यसंस्थेने अशा रीतीने त्यांचा गौरव केला. नागरिकांसमोर सैन्य पाठविताना सैनिकाच्या विवेकाला जागा किती, या त्यांनी कृतीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही राज्यसंस्थेला सहज देता आलेले नाही.